बनी तो बनी, नहीं तो परभणी... आणि तिथून आयर्नमॅन?

पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किमी पोहणं, लगेच १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी धावणं. बहुतेक ठिकाणी वेळमर्यादा १७ तास. आपल्या भाषेत सांगायचं तर सायकलवर परभणी-जिंतूर जाऊन-येऊन जवळपास दोनदा, मग गंगाखेडपर्यंत पळत!

हे फक्त व्यावसायिक खेळाडूंचं काम नाही. १९७८ मध्ये हवाईत पहिली शर्यत झाली, तेव्हा १५ हौशी उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. मॉडेल-अभिनेता मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झुरिचला ती केली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. पुण्याचे प्रशिक्षक कौस्तुभ राडकर तर वर्षानुवर्षं नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांना तयार करतात.

सुरुवात अर्ध्यापासून करा. गोव्यात २०१९ पासून मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही अर्धी शर्यत होते (आकडा एकूण मैलांचा): १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं.

आपली खरी अडचण पोहणं. सायकल, धावणं सरावाने जमतं. पण गोदाकाठी वाढलो तरी लाटांत दिशा धरून पोहणं वेगळंच. पोहण्यासाठी ठरलेल्या वेळेत बाहेर आला नाहीत, तर सायकलला हातही लावू देत नाहीत. म्हणून आधी जलतरण तलावात प्रशिक्षकाकडे शिका.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; सराव पहाटेच उरका, पाण्यासोबत मीठही घ्या. चाळिशीपुढच्यांनी आधी हृदयाची तपासणी करावी. आणि कृपा करून येलदरीच्या जलाशयात किंवा कालव्यात एकट्याने उतरू नका.