बंद पडलेल्या तमाशा फडांच्या ध्वनिफिती : आस्वादाची दिशा

फड मोडला की कलावंत पांगतात आणि मागे उरतात केवळ ध्वनिफिती. यात्रेची सुपारी देण्यासाठी गावकरी ज्या नारायणगावच्या राहुट्यांवर येतात, ते नारायणगाव मढप्रमाणेच जुन्नर तालुक्यातले. म्हणून हा विषय आपल्या परिसराचाच आहे.

या ध्वनिफितींतील आवाज अभिजात संगीताला सरावलेल्या कानास कर्कश वाटतो. तथापि हा दोष मानणे उचित नाही. ध्वनिक्षेपकाविना उघड्या मैदानातील शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा, तर पट्टी चढी व गळा मोकळा ठेवावाच लागे. 'जी जी'ची झील हा त्या आवाजाचा आधार होता.

दुसरा प्रश्न काळाचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, तर साठ मिनिटांच्या कॅसेटची ३० मिनिटांची. रात्रभर रंगणारा वग तीत मावणार कसा? गण, गौळण, बतावणी गळून लावणी तेवढी सुटी उरते. प्रेक्षकांची वाढत गेलेली उत्कंठा हरवते. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यासारख्या कलावतीचा अभिनय तर ध्वनिफितीत येऊच शकत नाही.

सारांश, ध्वनिफीत हा संपूर्ण तमाशा नव्हे, त्याचा अवशेष होय. ती ऐकताना गाळलेला भाग मनाने भरून घ्यावा लागतो. तो सांगू शकणारे वृद्ध श्रोते हयात आहेत, तोवरच घरोघरच्या कॅसेटी नोंदवून त्यांचे संगणकीकरण करणे महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.