रिकाम्या गाडीचे झुकलेले नाक

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या बाजार आवाराच्या दारापाशी घटकाभर उभे राहिले, तर पिकअप जातीच्या मालगाड्यांची दोन रूपे एकाच वेळी दृष्टीस पडतात. जी गाडी भरून आत येत असते तिची पाठ खाली बसलेली आणि नाक किंचित वर उचललेले असते. जी माल उतरवून बाहेर पडते तिचा मागचा भाग ताठ उंच आणि पुढचा भाग जमिनीकडे झुकलेला दिसतो. या दुसऱ्या रूपाकडे पाहून पुष्कळ मालकांची, विशेषतः नवी गाडी दारात आणलेल्या तरुण मालकांची, अशी समजूत होते की कारखान्याने समोरच्या बाजूस काही कसूर ठेवली आहे. आणि मग पुढचे स्ट्रट बदलण्याच्या निमित्ताने त्यांवर एखादा ठोकळा चढवून गाडी ‘लेव्हल’ करून घ्यावी, असा मोह त्यांना पडतो. स्ट्रट बदलण्याचे काम रास्त आहे, आणि पाना हातात धरण्याची सवय असलेल्या माणसाने ते घरी करण्यासही हरकत नाही. परंतु रिकामी गाडी समतल करण्याचा खटाटोप, माझ्या मते, ज्या कामासाठी गाडी घेतली त्या कामाशीच वैर धरणारा आहे.

बैलगाडी हाकणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते. माल मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते आणि जोती गळ्यात रुततात, हे जाणून गाडीवान निघण्यापूर्वी चार पोती पुढे सरकवीत असे. पिकअपला बैल नाहीत, पण तरफेचा नियम तोच आहे: मागच्या आसाच्याही मागे पडलेले वजन पुढची चाके हलकी करते, आणि पुढची चाके हलकी झाली म्हणजे स्टिअरिंग पोकळ लागू लागते व ब्रेकची पकड उणावते. त्यातही पुढच्या स्प्रिंगांवर इंजिन, केबिन आणि चालक यांचा भार बाराही महिने जवळजवळ सारखाच असतो, तर मागच्या पाट्यांना, म्हणजे एकावर एक रचलेल्या पानांच्या स्प्रिंगांना, कधी काहीच नसते आणि कधी टनावारी माल असतो. म्हणून आरेखन करणाऱ्या अभियंत्याने मागची बाजू मुद्दाम उंच आणि ताठ ठेवलेली असते, जेणेकरून मंजूर वजन चढल्यावर ती खाली येऊन गाडी साधारण सपाट व्हावी. समतलपणा मोजावयाचा तो भरलेल्या गाडीचा. रिकाम्या गाडीचा कल ही त्या हिशेबातील शिल्लक आहे.

दिव्यांचा प्रश्नही याच कलाशी निगडित आहे. नाक दोन बोटे उचलले की प्रकाशाचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. त्यातून मागे माल चढला की तो आणखी वर जातो. आर्वीकडच्या दुपदरी रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला याचा जो अनुभव येतो, तो गाडी उंच करून घेणाऱ्याला केबिनमध्ये बसून कधीच येत नाही.

आता स्ट्रट म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील गॅरेजात त्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात, परंतु त्याच्याकडे तीन खाती आहेत. त्याच्या भोवतीची स्प्रिंग वजन पेलते. आतला तेलाने भरलेला नळ, दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलून, स्प्रिंगेची उसळी शमवितो आणि तिच्या शक्तीची उष्णता करून टाकतो. आणि हा सगळा खांबच चाकाला उभे धरून वळताना त्याच्यासह फिरतो. या युक्तीवर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव आहे. जनरल मोटर्समध्ये त्याने आखलेली छोटी मोटार बाजारात आलीच नाही. पुढे तो फोर्डमध्ये गेला, आणि 1950 साली इंग्लंडात लोकांपुढे आलेल्या कॉन्सल व झेफर या गाड्यांनी त्याचा स्ट्रट सर्वतोमुखी केला.

मात्र प्रत्येक पिकअपला स्ट्रट असतोच असे नाही, आणि सामान आणण्यापूर्वी खाली वाकून पाहणे श्रेयस्कर. 2005 साली आलेल्या, ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसला पुढेही पाटेच आहेत. 2016 साली आलेल्या मारुतीच्या सुपर कॅरीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे पाटे, अशी व्यवस्था आहे. इसुझू डी-मॅक्ससारख्या मोठ्या गाडीत दोन आडव्या भुजांमध्ये स्प्रिंग बसविलेली असते. दिसावयास तीही स्ट्रटसारखीच, पण चाकाला धरण्याचे काम तेथे भुजा करतात.

वर्धा जिल्ह्यात हे भाग लवकर थकतात, याचे कारण पायाखालची काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. पांदण रस्त्यांची गोष्ट तर बोलूच नये. समृद्धी महामार्गावरून तासाभरात नागपूर गाठणारी गाडी त्याच दिवशी शेतातून कापूस काढावयास जाते. कापूस वजनाला हलका पण आकाराने अफाट. ताडपत्रीखाली तो केबिनच्याही वर चढतो, गुरुत्वमध्य उंचावतो, आणि प्रत्येक लाटेवर गाडी डोलू लागते. सिमेंटची किंवा सोयाबीनची पोती स्प्रिंगांची परीक्षा घेतात. कापूस घेतो तो शॉकअपची.

परीक्षेत नापास झालेला स्ट्रट ओळखू येतो. नळावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ बसून झालेला काळा चिखल, ब्रेक दाबताच नाक खाली खुपसणे, टायरच्या घेरावर ठिकठिकाणी पडलेले खोलगट डाग, ही त्याची लक्षणे. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडला असता गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती झुलत राहिली तर नळातले काम संपले आहे असे समजावे. आणि एकच बाजू गेली असली तरी दोन्ही बदलाव्यात, नाहीतर खड्ड्यात एक चाक एक म्हणेल आणि दुसरे दुसरे.

घरी काम करावयाचे तर पहिली तजवीज जागेची. मऊ काळ्या मातीवर लावलेला जॅक भार येताच तिरका होत खाली जातो. म्हणून अंगण शहाबादी फरशीचे किंवा काँक्रीटचे नसेल, तर जॅकखाली जाड लाकडी फळी हवीच, आणि पावसाळ्यात उघड्या अंगणात हे काम काढूच नये. मागच्या चाकांना दगड लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, आणि उचललेली गाडी पक्क्या घोडीवर टेकविल्याशिवाय तिच्याखाली हातसुद्धा घालू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे.

चाक काढल्यावर ब्रेकची नळी स्ट्रटपासून सोडवावी, खालच्या दोन जाड बोल्टांची मूळ जागा खुणेने नोंदवावी, आणि बोल्ट निघाल्यावर चाकाचा गाभा तारेने टांगून ठेवावा, म्हणजे त्याचा भार त्या नळीवर येणार नाही. मग बॉनेटच्या बाजूने किंवा केबिनच्या तळातून, जशी गाडी असेल तसे, वरचे छोटे नट काढावेत. मधला मोठा नट मात्र यावेळी अजिबात हलवू नये, कारण दाबून बसविलेल्या स्प्रिंगेला तोच एकटा अडवून धरतो. तो अवेळी सुटला तर वरची टोपी गोळीसारखी उडते, आणि माणसाचा जबडा किंवा डोळा जाण्यास एवढे पुरते. स्प्रिंग दाबण्याचे दोन शिकंजे समोरासमोर लावून, एकदा एक एकदा दुसरा असे थोडे थोडे आवळीत, स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने फिरू लागली म्हणजेच त्या नटाला पाना लावावा. आणि तेव्हाही तोंड तिच्या रोखात आणू नये. ज्याच्यापाशी चांगले शिकंजे नाहीत त्याने सुटे केलेले स्ट्रट गॅरेजात नेऊन तेवढे एकच काम करवून घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

जोडणी उलट्या क्रमाने होते. वरचा रबरी माउंट, त्यातील बेअरिंग आणि धुळीचे आवरण नवे घालावे. स्प्रिंगेचे टोक बैठकीतील पायरीला नीट टेकावे. बोल्ट मोजक्या ताकदीने, म्हणजे टॉर्क पान्याने आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे, आवळावेत. यानंतर अलाइनमेंट अपरिहार्य आहे, कारण बोल्टाच्या जागेत केसभर फरक पडला तरी टायर एका कडेने झिजतो.

ठोकळ्याच्या मोहाविषयी दोन शब्द अजून उरतात. मॅकफर्सन रचनेत स्ट्रटच्या डोक्यावर ठेवलेला इंचभर ठोकळा नाक सुमारे इंचभर उचलतो. दोन भुजांच्या रचनेत, स्प्रिंग खालच्या भुजेच्या मध्यावर टेकत असल्यामुळे, तोच ठोकळा दोन इंचांच्या आसपास उचल देतो, आणि हे ठाऊक नसलेला मालक बॉल जॉइंट ताणून बसतो. त्या जॉइंटला खाली वळण्यास जी मोकळीक असते ती तितकी कमी होते. अमेरिकेत ही हौस फार फोफावली, कारण तेथील पुष्कळ पिकअप मालापेक्षा माणसेच अधिक वाहतात. त्यांच्या मालकांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 ने कारखान्याच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो दंडक ठामपणे उचलून धरला.

खरोखर लेव्हल पाहावयाची असेल तर नवे स्ट्रट बसल्यावर, मंजूर वजनाएवढा माल भरून, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजावे. डावे-उजवे अंतर जुळत नसेल तर एखादी स्प्रिंग बसली आहे. मागची पाठ फारच खाली गेली असेल तर दोष पाट्यांचा आहे. त्यांना ताव देऊन पुन्हा वाक देणारे कारागीर आहेत, किंवा ते बदलावेत. परंतु त्यांत आणखी एक पान घुसवून जास्तीचा माल नेण्याचा इरादा असेल, तर कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये एवढा दंड आहे, आणि तो रिकाम्या गाडीची ऐट पाहून माफ होत नाही.