षड्ज-पंचमाचा गडगडाट

२०१० साली मुंबईतून दोन मेटल अल्बम निघाले. एक डिमॉनिक रिझरेक्शन या बँडचा 'द रिटर्न टू डार्कनेस', दुसरा स्क्राइब या बँडचा 'मार्क ऑफ तेजा'. पहिल्या बँडने त्याच वर्षी ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात हजेरी लावली आणि लंडनमध्ये 'मेटल हॅमर' मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात जागतिक मेटलचा पुरस्कार घेतला. साहिल माखिजा या गायक-गिटारवादकाने दहा वर्षं चिकाटीने चालवलेल्या या बँडचा तो हक्काचा मान होता, आणि भारतीय मेटलसाठी तो मोठा दिवस होता. तरीही बांध कोणी फोडला असं विचारलं, तर मी बोट दाखवेन ते दुसऱ्या अल्बमकडे. नॉर्वेजियन लोकांना आवडेल असं संगीत मुंबईत होऊ शकतं, हे पहिल्याने दाखवलं. दुसऱ्याने दाखवलं की मुंबईत राहणाऱ्या पोराने मुंबईत राहूनच, मुंबईसारखं बोलत हे संगीत करावं.

अल्बमच्या नावातला तेजा म्हणजे राजकुमार संतोषींच्या १९९४ च्या 'अंदाज अपना अपना'मधला परेश रावल. राम गोपाल बजाज आणि श्याम गोपाल बजाज हे जुळे भाऊ, एक सज्जन लक्षाधीश, दुसरा गुंड, आणि अस्सल तेजा कोण हे ठरवायला अंगावरची खूण. चित्रपट आला तेव्हा फारसा चालला नाही. पुढे टीव्हीवर आणि सीडीवर बघून बघून एका पिढीला तो तोंडपाठ झाला. स्क्राइबचे वादक त्याच पिढीचे. भारतीय रॉकला जन्मापासून चिकटलेला प्रश्न म्हणजे अस्सल कोण आणि नक्कल कोण. या पोरांनी तो हिंदी सिनेमातल्या जुळ्या भावांच्या हवाली केला. नावातला हा अर्थ त्यांनी ठरवून आणला असेल वा नसेल, ऐकताना मला तो पदोपदी जाणवतो.

ज्यांनी हे संगीत मुद्दाम कधी ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. हेवी मेटलची गोष्ट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सुरू होते. टोनी आयोमी हा पोरगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांना त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, पुढे तारा ढिल्या करून सूर खाली आणला, आणि त्या खालच्या, जड आवाजातून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्यानंतर महिनाभराने, १७ मार्चला, इकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि घणसोलीसारख्या ९५ गावांच्या शेतांचा आणि मिठागरांचा नकाशा बदलायला सुरुवात झाली. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांचे भोंगे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला बर्मिंगहॅमचा तो आवाज परका वाटत नाही, एवढं नक्की.

मेटलच्या गिटारचा आवाज फाटका का असतो? अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात. कापलेल्या लाटेत मूळ सुराबरोबर त्याचे अनेक उपस्वर उसळून येतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. अशा आवाजात तीन-चार सुरांचा भरगच्च मेळ वाजवला तर नुसता गोंगाट होतो, म्हणून मेटलवाले बहुतेक वेळा दोनच सूर धरतात: षड्ज आणि पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात.

आता थोडा हिशेब करू. षड्ज १०० कंपनांचा धरला तर पंचम १५० चा. डिस्टॉर्शनमध्ये या दोहोंची वजाबाकी आणि बेरीजही ऐकू येऊ लागते. वजाबाकी ५०, म्हणजे खर्जातला षड्ज, जो कोणी वाजवलेलाच नाही. बेरीज २५०, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार बोलतो, तो नेमका हाच. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा तारेच्या उपस्वरांना वाट करून देण्याचंच काम चाललेलं असतं. साधन वेगळं, आवाजाचा भार वेगळा, कारण मात्र एका कुळातलं. मेटलला आवडणारे सूरही आपल्या ओळखीचे आहेत. कोमल रिषभाची षड्जावर येणारी दाट सावली त्यांच्या संगीतात पावलोपावली भेटते. ज्या स्वरपंक्तीला ते फ्रिजियन म्हणतात तिचे सूर आपल्या भैरवी थाटाचे आहेत. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या गाण्याची सगळी भीती षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या अंतरात आहे.

घणसोली गावात हळदीला बेंजो ऐकलेल्या माणसाला तर हा आवाज नव्याने शिकवायलाच नको. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. मूळचा जपानी: १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तायशोगोतो नावाचं, टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचं तंतुवाद्य बनवलं, आणि त्याचा हा भारतीय अवतार. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात त्याला पिकअप बसला, मग अँप्लिफायर, एको, शेजारी ड्रमसेट, ढोल आणि ताशा. गावठाणातल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत येणारी ती कडक, फाटलेली, धारदार तान आणि खाली पोटात घुमणारा ठेका, हा विजेवर चालणारा जड आवाजच आहे. आगरी-कोळी वस्त्यांना तो पिढ्यान्पिढ्यांचा सवयीचा, घरच्या मंगलकार्याचा आवाज आहे. रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, त्यात रितेश देशमुखने असाच वादक रंगवला. त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतला विशाल ददलानी म्हणजे मुंबईच्या पेंटाग्राम या रॉक बँडचा गायक. दोन प्रवाह तिथे एकाच पत्त्यावर आले होते.

मग मुंबईच्या मेटलला मुंबईसारखं वाजायला इतका वेळ का लागला? कारण हे संगीत इथे वरून उतरलं. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा. तिथे नाव काढायचं तर परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवता यायला हवीत, हीच बराच काळ कसोटी होती. कॅसेट मिळायची दक्षिण मुंबईच्या निवडक दुकानांत. 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३ मध्ये अलाहाबादेतून सुरू झालं, तेव्हा कुठे या पोरांना देशातल्या दुसऱ्या शहरांतले आपले सोबती दिसले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनही गेलं. नक्कल करणाऱ्यांना मी दोष देत नाही. कठीण गत हुबेहूब वाजवल्याशिवाय हात तयार होत नाही, हे कुठलाही उस्ताद सांगेल. पण हात तयार झाल्यावरही तोंडात दुसऱ्याचेच शब्द राहिले, ही खंत होती.

भयानक मौत या मुंबईच्या बँडने नुसत्या नावातच ती चौकट मोडली होती. स्क्राइबने संगीतात मोडली. २००५ च्या सुमाराला जमलेला हा बँड पायाने हार्डकोरचा: वेगवान, तुटक, ओरडून म्हटलेलं गाणं. पण त्यांच्या गाण्यात एका मिनिटात तीन वस्त्या लागतात. मेटलचे घण पडत असतात, मध्येच सगळं थांबतं, गिटार एखादी हलकी, लचकत जाणारी चाल धरते, पुन्हा घण. विश्वेश कृष्णमूर्ती हा गायक कधी घशातून गुरगुरतो, कधी गल्लीतल्या भांडणासारखा तावातावाने बोलतो. 'दम है तो आगे आ', 'आय लव्ह यू पावभाजी' ही त्यांच्या गाण्यांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. २०१४ साली आलेल्या पुढच्या अल्बमचं नाव 'हेल मोगॅम्बो'. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण वादन अजिबात हसण्यावारी नेलेलं नाही. विषम मात्रांच्या तुकड्यांत दोन गिटार, बेस आणि ड्रमचं पायपेडल एका घावात एकत्र पडतात, तेव्हा त्यामागची तालीम ऐकू येते. तिहाई चुकली तर समेवर उघडं पडायला होतं. इथेही तसंच आहे.

या संगीतात ज्याला ब्रेकडाऊन म्हणतात तो क्षण समजून घ्यावा. गाणं ऐन भरात असताना ठेका एकदम निम्म्या वेगावर येतो आणि सगळी वाद्यं मोजून घाव घालतात. समोरची गर्दी तेव्हा एकमेकांवर आदळते. बाहेरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. आत उभं राहिलं की कळतं, कोणी पडला तर आधी चार हात त्याला उचलतात. घशाबद्दलही आईवडिलांच्या मनात भीती असते. तो खर्जातला गुरगुराट मुख्य स्वरतंतूंच्या वर असलेल्या दुसऱ्या पडद्यांच्या कंपनातून काढायचा असतो, श्वासाचा आधार देऊन. तिबेटी भिक्खूंच्या मंत्रपठणातला अतिखर्ज त्याच पडद्यांच्या मदतीने येतो. नीट शिकून केलं तर घसा टिकतो, नुसतं ओरडलं तर जातो.

बाहेरच्या जगात आपल्या मातीचं मिश्रण करणाऱ्यांनीच मेटलला पुन्हा पुन्हा तरुण केलं आहे. ब्राझीलच्या सेपल्टुराने १९९६ च्या 'रूट्स'साठी शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं. सिस्टिम ऑफ अ डाऊन हे लॉस एंजेलिसमधले आर्मेनियन घरांतले चौघे. २००१ च्या सप्टेंबरात आलेल्या त्यांच्या 'टॉक्सिसिटी'त आजी-आजोबांच्या सुरावटी आणि वंशसंहाराची आठवण वागवणाऱ्या घरांचा संताप एकत्र आहे, आणि तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आपल्याकडे दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल, बासरी आणि पंजाबी-हिंदी शब्द घेऊन २०१९ मध्ये जर्मनीचा वाकन महोत्सव गाठला, २०२२ च्या फेब्रुवारीत 'रक्षक' हा अल्बम काढला आणि जपानपासून युरोपपर्यंत गर्दी खेचली. स्क्राइबला एवढं जग मिळालं नाही. त्यांचा विनोद, त्यांचे संदर्भ समजायला हिंदी सिनेमा अंगात मुरलेला हवा, आणि ती मर्यादा मला त्यांची ताकदच वाटते. त्यांनी समोरच्या माणसासाठी वाजवलं.

मिश्रण म्हणजे वर भुरभुरलेला मसाला नव्हे, हे मात्र या यशाच्या काळात ठासून सांगायला हवं. गिटारच्या भिंतीवर चार मात्रा सतार चिकटवली की ती सहज वेगळी काढता येते, आणि काढली तरी गाण्याचं काही बिघडत नाही. 'मार्क ऑफ तेजा'तून मुंबई काढता येत नाही, कारण ती वाद्यांत नसून बोलण्याच्या लयीत आहे, थट्टेत आहे, चिडण्याच्या पद्धतीत आहे.

आणि म्हणूनच माझी नजर मराठीकडे जाते. ळ, ण, ठ, ढ यांसारखे कणखर उच्चार, शब्दाच्या शेवटी तोडून थांबण्याची सवय, पोवाड्यात शाहिराने श्वास न सोडता रेटलेलं कथन आणि मागून झीलकऱ्यांची उसळी, हे सगळं या संगीतासाठी तयार आहे. स्वदेशी या मुंबईच्या गटातला मवाली मराठीत रॅप करतो, तेव्हा शब्दांचा हा टणकपणा किती कामाला येतो ते ऐकू येतं. मेटलमध्ये हे काम पूर्ण ताकदीने व्हायला हवं, आणि ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातून व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. इथल्या गावठाणांत वाद्यं वाजवणारे हात आहेत आणि शेजारच्या सेक्टरांत लॅपटॉपवर अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित करू शकणारी इंजिनिअर पोरं आहेत. मधला रस्ता दहा मिनिटांचा आहे.

आपली तालवाद्यं मेटलमध्ये मिसळताना येणारी ध्वनिमुद्रणाची अडचण खरी आहे, पण सुटण्यासारखी. मेटलमध्ये खालचा भाग बेस आणि पायपेडलने व्यापलेला असतो, मधला गिटारने. तिथे आणखी ढोल भरला तर सगळं गढूळ होतं. बहुतेक मिश्रणं इथेच फसतात. हलगीचा कडकडाट या दोहोंच्या वर, मोकळ्या जागेत बसतो. संबळ तर जोडवाद्य आहे, एक भांडं खर्जाचं, एक उंच आवाजाचं: उंच बाजू ठेवावी, खर्जाचं काम पायपेडलकडे सोपवावं. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मोजणीच्या ठोक्यावर, वाजवायला बसण्याआधी हलगी विस्तवावर तापवून घ्यावी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा, कारण तिचं कातडं लवकर उतरतं.