आबनुसाचा चौकोन आणि लपलेला स्क्रू

कॅलिफोर्नियातल्या पॅसडिना शहरात 1908 साली बांधायला घेतलेल्या गॅम्बल हाउसमध्ये शिरताना पाहुण्यांचं लक्ष आधी जातं ते दाराच्या रंगीत काचेतल्या ओक वृक्षाकडे. मग ब्रह्मदेशी सागवानाचं काम, मग जिना. काळे ठिपके दिसायला थोडा वेळ लागतो. फर्निचरवर आणि लाकूडकामात जागोजागी आबनुसाचे बारके चौकोन बसवलेले आहेत. कुठे एकच, कुठे दोन-तीन, तेही वेगवेगळ्या मापांचे. पाहणाऱ्याला वाटतं, ही लाकडी खुंट्यांची टोकं. सांधे पक्के करायला सुतारांनी ठोकलेली. काही ठिकाणी ते खरं आहे, काही चौकोन निव्वळ शोभेचे आहेत. पण बऱ्याच चौकोनांच्या पोटात साधा धातूचा स्क्रू बसला आहे.

साबणाच्या धंद्यातून नावारूपाला आलेल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या घराण्यातले डेव्हिड गॅम्बल आणि त्यांच्या पत्नी मेरी यांच्यासाठी हे घर चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुविशारद भावांनी आखलं. प्रत्यक्ष सुतारकाम केलं आणखी दोन भावांनी: स्वीडनमध्ये जन्मलेले पीटर आणि जॉन हॉल. ग्रीन बंधूंचं शाळकरी शिक्षण सेंट लुइसच्या मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमधलं. तिथे पुस्तकांबरोबरच लाकूडकाम आणि धातुकामही शिकवलं जाई. त्यामुळे कागदावर रेघ ओढताना रंधा कुठे अडेल, हे त्यांना ठाऊक होतं. अशा माणसांनी, अशा कारागिरांकडून करून घेतलेल्या कामात स्क्रू कशाला हवा होता?

त्याचं उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. हवेतला ओलावा वाढला की फळी फुगते, हवा कोरडी झाली की आक्रसते. आणि हे सगळं रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक नगण्य असतो. टेबलाच्या रुंद पाटाला टोकाशी आडवी पट्टी जोडली, तर पाट रुंदीत हलणार आणि पट्टी आपल्या लांबीत जागची हलणार नाही. दोन्ही सरसाने पक्के चिकटवले तर एखाद्या कोरड्या ऋतूत पाटाला चीर पडते. म्हणून पट्टीतलं भोक गोल न ठेवता लांबट ठेवायचं आणि त्यातून स्क्रू घ्यायचा. मग स्क्रू पट्टीला पाटाशी आवळूनही धरतो आणि पाटाबरोबर त्या लांबट भोकात सरकूही शकतो. राहतो प्रश्न त्या भोकाच्या तोंडाशी दिसणाऱ्या डोक्याचा. त्यावर आबनुसाचा चौकोन बसतो.

हा चौकोन नुसता ठोकून दिलेला नसतो. आधी गोल भोक पाडायचं, मग पटाशीने त्याचे चार कोपरे काटकोनात काढायचे. एक कोपरा जरी फाटला तरी काळ्या रंगाशेजारी तो लगेच डोळ्यांत भरतो. तुकडा किंचित निमुळता घासतात, म्हणजे तो आत जाता जाता घट्ट होत जातो. वरचा माथा सपाट न ठेवता उशीसारखा मऊ फुगीर करतात, तोही बसवण्याआधीच घासून चकचकीत करतात आणि पृष्ठभागापेक्षा केसभर वर ठेवतात. या उंचीचा व्यावहारिक फायदा असा, की भोवतालचं लाकूड पुढे फुगलं-आक्रसलं तरी चौकोन कधी खड्ड्यात गेल्यासारखा दिसत नाही.

त्या काळात स्क्रू असा लपवणं जरा अडचणीचंच होतं. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी मांडलेल्या विचारातून फोफावलेल्या कलाकुसर चळवळीचा आग्रह होता की वस्तू कशी जोडली आहे ते उघड दिसावं. अमेरिकेत गुस्ताव स्टिकलीने त्याच आग्रहातून आरपार दिसणाऱ्या सांध्यांचं भक्कम ओकचं फर्निचर लोकप्रिय केलं. ग्रीन बंधू त्याच चळवळीतले मानले जातात. त्यांनी मात्र कारखान्यात बनलेला स्क्रू बिनदिक्कत वापरला आणि त्यावर हाताने घडवलेला अलंकार चढवला. स्क्रू लपला, पण ‘इथे काहीतरी जोडलं आहे’ ही खबर दडली नाही. उलट फिकट लाकडावरच्या काळ्या चौकोनाने ती ठळक केली. चळवळीचे इंग्लंडमधले एक धुरीण चार्ल्स ॲशबी 1909 मध्ये पॅसडिनाला आले, तेव्हा त्यांनी चार्ल्स ग्रीनच्या कामाची मनापासून तारीफ केली.

जोड झाकून तोच मिरवण्याची ही रीत जपानमध्ये कितीतरी जुनी. तिथल्या पारंपरिक घरांत खांबांना बाहेरून आडव्या पट्ट्या मारत. त्यांना ‘नागेशी’ म्हणतात. त्या मोठ्या खिळ्यांनी खांबात ठोकलेल्या असत आणि खिळ्यांचे माथे झाकायला ‘कुगिकाकुशी’ नावाची धातूची झाकणं बसवत. सर्वांत प्रचलित आकार सहा पाकळ्यांचा. पुढे खांबांच्या आरपार जाणारी तुळई आली, इमारतीला ताठ ठेवायचं काम तिने घेतलं आणि नागेशी बव्हंशी शोभेपुरती, प्रतिष्ठेपुरती उरली. झाकणं मात्र कमी झाली नाहीत. उलट जास्तच नटली. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या निनोमारू महालात ती सोन्याचा मुलामा दिलेली, कागदात गुंडाळलेल्या पुष्पगुच्छाच्या आकाराची आणि चांगली मोठी आहेत. शोगुनच्या दरबारात बसलेल्या सरदाराला खिळा झाकला आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं. झाकणावरचं सोनं दिसलं की पुरे होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शोगुनशाहीने सामान्य नागरिकांच्या घरांत नागेशी लावायलाच बंदी घातली, यावरून तिचा मान कळतो.

त्याच क्योतोतल्या कात्सुरा राजवाड्यात दुसरं टोक दिसतं. जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउटने 1933 मध्ये तो पाहिला आणि साधेपणाचा आदर्श म्हणून जगापुढे ठेवला. पण तिथल्याही ‘नव्या महाला’त खिळ्यांवर झाकणं आहेत, नर्गिसाच्या फुलाच्या आकाराची. इतक्या मितभाषी खोलीत ते इवलंसं फूल निजोच्या सोन्याइतकंच लक्षात राहतं.

ग्रीन बंधू 1893 मध्ये पॅसडिनाला जाताना वाटेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थांबले होते. तिथे जपान सरकारने उजी गावच्या प्राचीन फिनिक्स मंडपावर बेतलेली लाकडी वास्तू उभारली होती. पुढे एडवर्ड मोर्सचं जपानी घरांवरचं 1886 चं पुस्तकही चार्ल्सच्या संग्रही आलं. म्हणून त्यांनी जपानी झाकणांची नक्कल केली असं नाही. जपानी झाकण धातूचं, चित्रमय आणि वरून बसवलेलं. पॅसडिनाचं लाकडात रुतलेलं आणि फुला-पानांचा मोह टाळलेलं.

ग्रीन बंधूंच्या हाती पडलेला स्क्रूही तेव्हा फार जुना नव्हता. टोकदार, थेट लाकडात शिरणाऱ्या स्क्रूच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत थॉमस स्लोनने 1846 मध्ये घेतलं. 1854 मध्ये जॉन नेटलफोल्डने भागीदारीत त्याचे हक्क घेऊन बर्मिंगहॅमजवळ कारखाना काढला. त्या भागीदाराचा मुलगा जोसेफ चेम्बरलेन याच धंद्यात पैसा कमावून ब्रिटिश राजकारणात गेला. नेटलफोल्डचं नाव पुढे गेस्ट कीन विल्यम्स कंपनीच्या मालातून भारतीय सुतारांपर्यंत पोचलं. स्क्रूच्या माथ्यावर तेव्हा एकच सरळ खाच असे, आणि चोखंदळ कारागीर सगळ्या खाचा एका दिशेत आणून ठेवत. हेन्री फिलिप्सची अधिक-चिन्हाची खाच 1930 च्या दशकात आली. यंत्राला ती सोयीची ठरली, पण डोळ्याला अजिबात सुखावणारी नव्हती.

आज प्लायवूड आणि सनमायकाच्या राज्यात स्क्रूवरचं झाकण बहुधा प्लॅस्टिकचं असतं. एका प्रकारात पायाची चकती स्क्रूखाली अडकते आणि वरची टोपी तिच्यावर टचकन बसते. दुसऱ्यात टोपीच्या पोटातलं बोंड थेट स्क्रूच्या खाचेत दाबतात. तिसरा प्रकार म्हणजे सनमायकाच्या रंगाचे गोल स्टिकर, एका कागदावर ओळीने चिकटवून विकले जाणारे. ही सगळी झाकणं नजरेआड व्हायला धडपडतात, आणि रंग अर्ध्या छटेने जरी चुकला तरी कपाटाच्या दारावर ठिपक्यांची रांग उठून दिसते. उलट ‘मिरर कॅप’ मिरवते. तिच्या स्क्रूच्या माथ्यातच आटे पाडलेले असतात आणि त्यात पितळी किंवा चकचकीत घुमट फिरवून बसतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत दारावरच्या काचेच्या नावपाटीला चार कोपऱ्यांत दिसतात त्या याच.

भरीव लाकडात काम करणारे मात्र अजून लाकडी बुचांवरच विसंबतात. बुच त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून कापायचं, कारण दुसऱ्या फळीचं बुच पहिल्या दिवशी जुळलं तरी उजेडाने दोन्हींचा रंग वेगवेगळा बदलतो. रेषा रेषेला लावायची, आणि सुकल्यावर पटाशीने एका दमात पातळीला आणायचं नाही. पहिला काप वरच घ्यायचा. रेषा खाली उतरत असतील तर त्या पहिल्याच कापात कळतं आणि पटाशी उलट बाजूने धरता येते. नाहीतर बुच पृष्ठभागाच्या खाली तुटतं.

बोटी बांधणारे आणखी पुढचा विचार करतात. डेकची सागवानी फळी कधीतरी बदलावी लागणार, हे गृहीत धरून ते बुच पक्क्या सरसाऐवजी व्हार्निशमध्ये बुडवून बसवतात. काढायची वेळ आली की बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू फिरवतात. त्याचं टोक खाली दडलेल्या स्क्रूच्या डोक्याला टेकतं, पुढे जायला जागा उरत नाही, आणि मग प्रत्येक फेऱ्यागणिक बुच वर सरकत बाहेर येतं.