पंपाची बॅटरी बदलताना

तुरीवर फवारणी सुरू झाली की मानोऱ्यात पाठीवरचे बॅटरीपंप बाहेर निघतात. मागच्या हंगामात आमच्या गटानं पंपातली जड लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढून हलकी लिथियमची बसवली. दुकानदार म्हणाला, चार्जर जुनाच चालेल. नाही चालला, ताई! चारच दिवसांत बॅटरी फुगली.

लिथियमच्या बॅटऱ्या दोन जातींच्या मिळतात. साध्या लिथियम-आयनचे तीन सेल असतात, ती १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. लिथियम फॉस्फेटचे चार सेल, ती १४.६ ला भरते. दुकानात मात्र दोन्हींना ‘बारा व्होल्ट’च म्हणतात. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर साडेचौदाच्या आसपास जातो. तो लिथियम-आयनला लावला आणि आतलं सुरक्षेचं सर्किट कच्चं निघालं, तर ती फुगते, पेटतेसुद्धा.

फॉस्फेटची थोडी जड, पण उष्णता जास्त सोसते आणि दोन हजारांच्या आसपास वेळा चार्ज होते. दुसरी साधारण पाचशे. पंप आपल्याच पाठीवर असतो, म्हणून मी फॉस्फेटचीच घ्या म्हणेन. चार्जर तिचाच मागा, त्यावरचा आकडा वाचून घ्या. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका. घराबाहेर, कुटाराच्या ढिगापासून लांब ठेवा.