धनुष्यासाठी फळी निवडताना

अमेरिकेत बांधकामाचे सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत रेड ओकच्या रंधलेल्या फळ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. सहा फूट लांब, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड. लोक त्या दाराच्या पट्ट्यांसाठी, कपाटाच्या कडांसाठी नेतात. त्यातल्याच एखाद्या फळीतून चाळीस पौंड ताणाचे, पुरुषभर उंचीचे धनुष्य निघू शकते हे वाचल्यापासून या विषयाने मला धरून ठेवले आहे. मिशिगनला भाच्याकडे जाणे झाले की माझी एक दुपार या फळ्यांपुढे जाते. ढिगातल्या बहुतेक फळ्या मी परत ठेवतो. जी हातात उरते तिच्यावर मात्र मी निर्धास्तपणे रंधा चालवतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडचे प्रसिद्ध लांब धनुष्य यू नावाच्या झाडाचे. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोज’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढले गेले आणि त्याच्या अवशेषांत १७० हून अधिक धनुष्ये मिळाली. पुढे खेळ म्हणून धनुर्विद्या रुजली, तेव्हा एका लाकडाच्या पाठीवर हिकरी नावाच्या दुसऱ्या लाकडाची पट्टी चिकटवून धनुष्ये होऊ लागली. १९९२ पासून निघालेल्या ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या ग्रंथमालेत टिम बेकर यांनी बाजारच्या साध्या फळीची बाजू हिरिरीने मांडली आणि ही कला घरोघरच्या गॅरेजात पोचली.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे फळी वाचणे.

धनुष्य ओढले की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडचे पोट दाबले जाते. निर्दोष लाकूड तंतूंच्या दिशेने दाबापेक्षा ताण साधारण दुपटीने सोसते. मग धनुष्ये पाठीकडूनच का मोडतात? कारण करवतीने फळी कापताना तंतू तिरके छेदले जातात. तंतू पाठीवर मध्येच संपला की तिथे चीर उचलते आणि क्षणात सारे संपते. तंतूंना एकमेकांपासून ओढून काढायला लागणारे बळ फारच थोडे असते. म्हणून लाकूड कुठल्या जातीचे यापेक्षा तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातात का, हा प्रश्न मोठा. वाकड्या तंतूंच्या हिकरीपेक्षा सरळ तंतूंचा ओक मी डोळे मिटून घेईन.

आधी फळीचे टोक पाहावे. वार्षिक वलये तिथे कमानींसारखी, उभी किंवा तिरपी दिसतात. तिन्ही चालतात. मग रुंद बाजू पाहावी. तिथे एकात एक बसलेली टोकदार शिखरे दिसली तर वलये पाठीतून बाहेर पडत आहेत असे समजावे आणि फळी ठेवून द्यावी. रेघा टोकापासून टोकापर्यंत समांतर धावत असतील तर कडा पाहावी. तिथेही तसेच हवे. मधूनच एखादी रेघ काठावरून निसटली तर ती धनुष्याच्या शेवटच्या काही इंचांत असावी, मुठीच्या वर-खाली कधीच नको. गाठ टाचणीएवढी असली तरी तिच्याभोवती तंतू वळसा घेतात, म्हणून तीही नको.

एवढे पाहून पुष्कळजण थांबतात. पण वलयांच्या रेघा झाडाची वाढ सांगतात, तंतूंची दिशा दर वेळी सांगत नाहीत. झाड पिळून वाढले असेल तर रेघा सरळ आणि तंतू तिरके, असे होऊ शकते. ओकच्या रुंद बाजूवर बारीक, गडद, तुटक रेषा दिसतात. त्या किरणपेशींच्या. त्या तंतूंच्या दिशेनेच लांबतात, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर. लाकडी विमानांच्या काळातल्या तपासनिसांनाही हीच काळजी होती. स्प्रूसच्या तुळईवर शाईचा थेंब सोडून तो कुठल्या बाजूला पसरतो ते ते पाहत, आणि पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकस तंतू असलेले लाकूड बाद करत. विमानाला जी कसोटी लावली, ती धनुष्याला लावण्यात काहीच अतिरेक नाही.

रेड ओकची आणखी एक खूण आहे. त्याची छिद्रे इतकी मोकळी असतात की तुकड्याच्या एका टोकाला फुंकर घातली तर दुसऱ्या टोकाला साबणाच्या पाण्यात बुडबुडे येतात. व्हाइट ओकची छिद्रे आतून बुजलेली असतात, म्हणून दारूची पिंपे त्याची होतात. ओक, ॲश, हिकरी या झाडांत वसंतातले लाकूड सच्छिद्र आणि नंतरचे घट्ट असते. झाड जोमाने वाढले की घट्ट थराचा वाटा वाढतो. म्हणून या जातींत अगदी चिकटून बसलेली वलये नकोत, रुंद वलये हवीत. दोन सारख्या फळ्यांत जड असेल ती घ्यावी. वर सांगितलेल्या मापाची रेड ओकची फळी साधारण ९०० ग्रॅम भरते.

ओलावाही पाहावा लागतो. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहते, आणि ८० टक्क्यांना ते १६ टक्क्यांवर जाते. ओलसर लाकूड वाकलेलेच राहते, अति कोरडे तडकते. कोकणातल्या पावसाळ्यात धनुष्य घडवायला बसू नये.

पाठीच्या अस्तराविषयी माझे मत ठाम आहे. तागाच्या किंवा रेशमी कापडाचे पातळ अस्तर अथवा कच्चे चामडे चिरा दाबून धरते, भार फारसा उचलत नाही. हिकरीची किंवा बांबूची पट्टी मात्र खराखुरा भार घेते. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात, म्हणून ती पट्टी इतकी ताकदवान ठरते की नरम पोटाचे लाकूड तिच्यापुढे चुरडते आणि त्यावर आडव्या सुरकुत्या उठतात. बांबूखाली इपेसारखे जड, दाबाला चिवट लाकूड शोभते. तिरक्या तंतूंची फळी कुठल्याही अस्तराने सरळ होत नाही.

आपल्याकडे ओक-हिकरी शोधत बसण्याची गरज नाही. नंदुरबारच्या डोंगरात भिल्लांची बांबूची धनुष्ये पाहिली, तर दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा धनुष्यांचा उल्लेख आहे. पश्चिम घाटातली धामण तर कावडीच्या दांड्यांना, हत्यारांच्या मुठींना आणि धनुष्याला पूर्वापार वापरली गेली आहे, इतकी ती लवचीक. ज्यांना हा नाद लागेल त्यांनी वखारीत जाऊन सरळ तंतूंची, गाठ नसलेली धामण मागावी, आणि ती चिरण्याआधी ओंडक्याचे टोक व सालीखालचा पीळ स्वतः पाहावा.