अमेरिकन फुटबॉलची पहिली भारतीय लीग पुणे मराठाजनं मारली, पण खेळ इथं रुजला का नाही?

पुण्याच्या टीमनं देशातली पहिली लीग जिंकली, फायनलमध्ये दिल्लीला हरवलं, तरी त्या टीमचा एकही खेळाडू आपल्याला आठवत नाही. कबड्डी किंवा क्रिकेटमध्ये हे झालं असतं तर चौकाचौकात बॅनर लागले असते. पण ही लीग होती अमेरिकन फुटबॉलची. हेल्मेट घालून, खांद्यावर पॅड चढवून, लंबगोल बॉल काखेत मारून पळतात तो खेळ.

ऑगस्ट २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली. मागं नावं मोठी होती. शिकागो बेअर्सचे नावाजलेले कोच माइक डिट्का, सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, हॉलिवूडचा मार्क वॉलबर्ग आणि ज्याचे वडील भारतीय आहेत असा एनएफएलचा खेळाडू ब्रँडन चिलार. टीम ठरल्या. आपल्याकडून दोन होत्या, मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज.

खेळाडू आणायचे कुठून? हा खेळ लहानपणापासून खेळलेली पोरं इथं नव्हतीच. मग रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्स अशा खेळांतली तगडी पोरं उचलली आणि त्यांना नियमापासून शिकवलं.

नियम तसा सोपा आहे. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. प्रत्येक बाजूला ११ जण. बॉल असलेल्या टीमला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकले तर बॉल समोरच्याकडं जातो. बॉल घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन, त्याचे ६ पॉइंट. कबड्डीत रेडर मधली रेषा गाठायला कसा अंग झोकून देतो, तसंच इथं एकेका यार्डासाठी चालतं.

पहिला सीझन २०१२ मध्ये झाला. मॅचेस श्रीलंकेत कोलंबोला झाल्या, भारतात त्या टेन स्पोर्ट्सवर दाखवल्या. फायनलमध्ये पुणे मराठाजनं दिल्ली डिफेंडर्सला ६-० नं हरवलं.

पुढं मात्र ही लीग दरवर्षी घराघरात दिसणारी झाली नाही. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि दोन-तीन सीझनमध्ये घरातली आजीसुद्धा ‘सुपर रेड’ म्हणायला लागली. तसं काही इथं घडलं नाही.

लोक म्हणतात, खेळ परका होता म्हणून चालला नाही. पण क्रिकेटही परकाच होता. खरं कारण समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कॉलेजचा सीझन बघावा लागतो.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल १८६९ पासून चालू आहे. टीव्हीवर दिसतात ती मोठी विद्यापीठं, लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम. पण त्यांच्याखाली ‘डिव्हिजन थ्री’ नावाचा थर आहे. त्यात साधारण २४० कॉलेजं फुटबॉल खेळतात. कित्येक कॉलेजांत तर दोन-तीन हजारच विद्यार्थी असतात. इथं खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही, असा नियमच आहे. यातला एनएफएलपर्यंत पोचणारा पोरगा विरळाच. बाकीचे पुढं शिक्षक, अकाउंटंट, इंजिनिअर होतात.

तरी टीममध्ये शंभर-शंभर पोरं असतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर, बहुतेक दर शनिवारी एक, अशा १० मॅचेस ठरलेल्या. पहिल्या चार हरलात तरी पाचवी आहेच. एका शनिवारी माजी विद्यार्थी गावात परत येतात, शेजारच्या कॉलेजशी जुनं वैर असतं, सगळं गाव मॅचला लोटतं. आपल्याकडं जत्रेतल्या कुस्त्यांना लोटतं तसंच.

कॉलेजला यात काय मिळतं? साधा हिशोब आहे. स्कॉलरशिप नाही म्हणजे खेळाडू फी भरून येतो. शंभर पोरांची टीम म्हणजे शंभर ॲडमिशन. विद्यार्थी मिळेनासे झालेली काही छोटी कॉलेजं याच कारणानं फुटबॉल टीम सुरू करतात. थोडक्यात, खेळाला घर आहे आणि घराला खेळाची गरज आहे.

आता नवी मुंबईकडं बघा. स्टेडियमची आपल्याला कमी नाही. पहिल्या आयपीएलची फायनल १ जून २००८ ला नेरुळच्या डीवाय पाटील स्टेडियमवर झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीतच्या टीमनं वर्ल्डकप उचलला तो इथंच. पण वाशी, नेरुळ, खारघरच्या कॉलेजातला साधा खेळाडू मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, तेव्हा बऱ्याच खेळांत ती नॉकआऊट असते. पहिली मॅच हरली की वर्ष संपलं. पोरगं सहा महिने सराव करतं आणि खेळतं एक तास.

लीगचं नेमकं हेच झालं. वरचा मजला बांधला, खाली शाळा-कॉलेजचा पायाच नव्हता. कप जिंकलेल्या पोरांना पुढच्या शनिवारी खेळायला मॅच नव्हती आणि त्यांच्या मागून येणारी पोरंही नव्हती. त्यात एकेका हेल्मेटची किंमत काहीशे डॉलर. कुठलं कॉलेज घेणार?

पण आता एक स्वस्त वाट उघडलीय, आणि तिच्यावर शिक्का बसला तो मुंबईत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन बीकेसीत भरलं होतं. तिथं २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉललाही मंजुरी मिळाली. यात एका बाजूला पाचच जण. हेल्मेट नाही, धडका नाहीत. कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की खेळाडू थांबला. मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही स्पर्धा होणार आहेत. मैदान मूळ मैदानाच्या निम्म्या लांबीचं, आणि सामान म्हणजे बॉल नि पट्टे.

एवढं कुठल्याही कॉलेजला परवडेल. फक्त ऑलिम्पिकच्या नावानं पुन्हा एकदा वरून लीग आणली, तर २०१२ चीच गोष्ट परत घडेल. त्यापेक्षा चार-सहा कॉलेजांनी मिळून दहा शनिवार ठरवले आणि हरलेल्या टीमलाही पुढच्या शनिवारी मैदान दिलं, तर खेळ टिकायला तेवढं पुरे. आणि हा हिशोब एकट्या फुटबॉलचा नाही, खो-खो आणि हँडबॉललाही तो तसाच लागू होतो.